जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, जुनी गिटार: पहिला सूर काढण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

जुना अ‍ॅम्प घरात आला की पहिल्या दहा मिनिटांत माणूस प्लग लावतो, आणि नुकसान तिथेच होतं. सांगली, मिरज, कराड, कोरेगावहून माझ्याकडे दुरुस्तीला येणारे बरेचसे अ‍ॅम्प विकणाऱ्याच्या माळ्यावर तीस-तीस वर्षं शाबूत होते. ते गेले घेणाऱ्याच्या घरी, "चालतो का बघू या" म्हणून बटण दाबताना. आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला) जळाला की मूळ जोडीचा पुन्हा मिळत नाही. म्हणून हा क्रम लिहून काढतोय. "चालतो का?" हा प्रश्न यात जवळपास शेवटी येतो, आणि तो तिथेच ठेवा.

हे व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, अ‍ॅम्पसाठी आहे. फेंडर, व्हॉक्स, मार्शलसारखे परदेशी आणि आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांनी वापरलेले अहुजासारखे पीए (सभा-मांडवातल्या लाउडस्पीकरचे) अ‍ॅम्प, दोन्ही त्यात आले. गिटारचा भाग नंतर आहे आणि तो छोटा आहे, कारण गिटारला घाईने केलेली चूक बहुतेक वेळा सुधारता येते. अ‍ॅम्पला येत नाही, आणि माणसाला तर नाहीच.

सावधान: अशा अ‍ॅम्पमध्ये साडेतीनशे ते पाचशे व्होल्टपर्यंत डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये बसून राहतो. मल्टीमीटर हाताळायची सवय नसेल, तर पहिले दोन टप्पे तुमचे. पुढचं काम जाणकाराच्या टेबलावर, त्याच्या शेजारी बसून करून घ्या.

आधी जमवायचं सामान

१००० व्होल्ट डीसी मोजणारा मल्टीमीटर. १०० किलोओहम, ५ वॉटचा एक रेझिस्टर, दोन्ही टोकांना क्रोकोडाईल क्लिप जोडलेला. सोल्डरिंग आयर्न. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर. बांबूची एक सोललेली काडी. झिपच्या छोट्या पिशव्या आणि एक वही.

आणि सिरीज बोर्ड. कोणताही जुना वायरमन हा बोर्ड अर्ध्या तासात करून देतो. एका फळीवर स्विच, बल्बचा होल्डर आणि थ्री-पिन सॉकेट. फेज स्विचमधून बल्बला आणि बल्बच्या दुसऱ्या टोकातून सॉकेटच्या उजव्या भोकात. न्यूट्रल सरळ. अर्थिंगची वायर कुठेही न तोडता सरळ. बल्ब तारेचाच हवा, एलईडी इथे काही कामाचा नाही. तारेचे बल्ब आता दुकानात शोधावे लागतात, तेव्हा ६० आणि १०० वॉटचे दोन-दोन घेऊन ठेवा. आत शॉर्ट असेल तर सगळा भार हा बल्ब स्वतःवर घेतो आणि लख्ख पेटतो, ट्रान्सफॉर्मर वाचतो. या छंदासाठी घेतलेल्या वस्तूंमध्ये सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी वस्तू हीच.

टप्पा १: घेताना

विकणारा म्हणेल, "थांबा, लावून दाखवतो." त्याला नम्रपणे थांबवा. पंधरा वर्षं बंद असलेला अ‍ॅम्प तुमच्यासमोर पाच मिनिटं वाजला, म्हणून त्याची तब्येत कळत नाही. उलट त्या पाच मिनिटांतच तो जाऊ शकतो.

मागची फळी काढून आतले फोटो घ्या. ट्रान्सफॉर्मरखाली डांबरासारखं काही ओघळलंय का बघा. कपॅसिटर फुगलेत का, त्यांच्या टोकाला पांढरी-तपकिरी खपली आहे का तेही बघा. आणि वास घ्या. धुळीचा, उंदराचा, जुन्या लाकडाचा वास चालतो. पण जळक्या वॉर्निशचा एक आंबट, घशाला लागणारा वास असतो. एकदा घेतला की आयुष्यभर ओळखू येतो. तो ट्रान्सफॉर्मरपाशी आला, तर किंमत त्या हिशेबाने बोला.

साल ओळखायला सिरीयल नंबरवर विसंबू नका. व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटच्या (बटण फिरवतो त्यामागच्या भागाच्या) पाठीवर आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन कंपनीचे, १३७ म्हणजे सीटीएस आणि ३०४ म्हणजे स्टॅकपोल. नंतर साल आणि आठवडा. १३७६६३३ असेल तर सीटीएसची पॉट, १९६६ सालचा ३३ वा आठवडा. पॉट वस्तूच्या आधी बनते, म्हणजे गिटार असो की अ‍ॅम्प, त्या तारखेनंतरचा. पन्नाशीच्या दशकातल्या पॉटवर सालाचा एकच आकडा असतो, तिथे गडबड होते. आणि पॉट कोणी बदललीय का, हे सोल्डरच्या डागावरून ठरवा. मूळ डाग जुनाट, मंद असतो. वरून दिलेला चमकतो किंवा दोन थरांचा दिसतो.

आपल्या भागात हे सामान निघतं ते जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या घरी, बँड पथकांच्या खोल्यांत, चर्चच्या अडगळीत, पाचगणीकडच्या बंगल्यांत. तिथे नावाजलेल्या फेंडरपेक्षा जपानी टेस्को किंवा कोलकात्याची गिव्हसन सापडायची शक्यता जास्त. माझं मत विचाराल तर पहिली जुनी गिटार अशीच घ्या. हात बसायला ती चांगली, आणि चूक झाली तर जीव तुटत नाही.

टप्पा २: आणताना आणि आणल्यावर

अ‍ॅम्प एसटीच्या टपावर नको. टेम्पोत उभा ठेवा, हातरुमाल गुंडाळून व्हॉल्व्ह सॉकेटमधून काढून वेगळे आणा. काढण्याआधी कोणता कुठे होता याचा फोटो घ्या आणि काचेला नाही, पिशवीला चिठ्ठी लावा. काचेवरची छपाई नुसत्या बोटाने पुसली जाते.

घरी आणल्यावर दोन-तीन दिवस तसाच कोरड्या खोलीत राहू द्या. नुसता बघत बसा. मी या दिवसांत वही लिहितो: कोणता व्हॉल्व्ह, कोणत्या कंपनीचा, कोणता वायरचा रंग कुठे जातो, कोणता स्क्रू वेगळा आहे. पुढे काहीही बदललं की जुना भाग पिशवीत घालून तारीख टाकायची. मूळ भाग, जळलेला असला तरी, टाकायचा नाही.

पुराचं पाणी लागलेला अ‍ॅम्प

सांगलीत हे वेगळं सांगावं लागतं. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीवाडीतून मी एक पीए अ‍ॅम्प आणला. बाहेरून स्वच्छ पुसलेला, पॉलिश केलेला. चासी (सगळे भाग बसवलेला धातूचा सांगाडा) उलटी केली तर प्रत्येक सॉकेटच्या भोकात कृष्णेचा गाळ, वाळलेला, बोटाने दाबला की हळदीच्या पुडीसारखा बारीक. स्पीकरच्या कोनावर आडवी रेघ, पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवणारी. घरमालकाने तो उन्हात वाळवला होता आणि "आता चालेल" असं त्याला मनापासून वाटत होतं. त्या गाळात ओल धरली की तीच वायर होते. चारशे व्होल्टला तेवढी वाट पुरते.

असा अ‍ॅम्प मिळाला तर ट्रान्सफॉर्मरच्या वायरी सर्किटमधून सोडवा आणि शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे मेगर असतो. ५०० व्होल्टवर वाइंडिंग आणि लोखंडी गाभा यांच्यामधलं इन्सुलेशन मोजून घ्या. काही दहा मेगाओहम दाखवलं तर बरं, एकाच्या खाली असेल तर तो ट्रान्सफॉर्मर विजेला जोडायचा नाही. त्याच्याच भट्टीत मंद आचेवर वाळवून पुन्हा मोजता येतं. पण आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्याला रिवाइंडला देऊ नका. त्यातली वाइंडिंग थराथरांनी एकमेकांत गुंफलेली असते, पंपाच्या हिशेबाने गुंडाळली तर आवाजाचा जीवच जातो.

टप्पा ३: व्होल्टेज आणि अर्थिंग

अमेरिकन अ‍ॅम्पच्या मागे पट्टी असते: ११७ व्होल्ट, ६० सायकल. हा आपल्या २३० च्या सॉकेटला लावला की संपला. काही निर्यातीच्या मॉडेलमध्ये २३० ची सोय असते, म्हणून पट्टी वाचल्याशिवाय गृहीत काही धरू नका. ब्रिटिश अ‍ॅम्पवर व्होल्टेज बदलायची खिट्टी असते, ती २४० वरच आहे ना हे बघा. मधल्या मालकाने ती ११५ वर फिरवलेली मी दोनदा पाहिलीय.

स्टेप-डाउन, म्हणजे २३० व्होल्ट उतरवून देणारा ट्रान्सफॉर्मर, घेताना तीन चुका सर्रास होतात.

पहिली, छोटा इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर घेणं. तो प्रवासातल्या इस्त्रीसाठी असतो. आपल्याला तांब्याच्या वाइंडिंगचा जड ट्रान्सफॉर्मर हवा, पट्टीवरच्या वॉटच्या दुप्पट व्हीएचा (व्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरला पेलणारा भार). १५० वॉट लिहिलं असेल तर ३०० व्हीए.

दुसरी, १२० चा आउटपुट मागणं. रात्री दहानंतर माझ्या घरी मीटर २४५ दाखवतो. २३० ला १२० देणारा ट्रान्सफॉर्मर तेव्हा जवळपास १२८ देतो, आणि अ‍ॅम्प तर ११७ साठी बांधलेला. ११० चा घेतला तर त्याच वेळी बरोबर ११७ मिळतात. म्हणून आपल्याकडे ११० चाच बनवून घ्या.

तिसरी सगळ्यात वाईट. स्वस्त स्टेप-डाउनला बाहेर दोन भोकांचं सॉकेट असतं, म्हणजे अर्थिंग तिथेच तुटतं. बाजारातले बहुतेक ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात, त्यात घरची वीज आणि अ‍ॅम्प यांच्यात आडोसा काही नसतो. साताऱ्याच्या एका मित्राला असा चटका बसला: हात गिटारच्या तारांवर, ओठ माइकला. तो वाचला, कारण पायात चप्पल होती. गिटारच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या चासीला जोडलेल्या असतात. चासीवर फेज आला, तर तो तुमच्या बोटांवर आला.

म्हणून अ‍ॅम्पला दोन पिनांची मूळ वायर असेल तर ती जपून ठेवा आणि थ्री-कोअर वायर बसवा (आत हात घालण्याआधी टप्पा ४ मधला डिस्चार्ज करून घ्या). हिरवी वायर चासीला, रंग खरवडून, नटबोल्टने घट्ट, आणि ती बाकी दोघींपेक्षा जरा लांब ठेवा, म्हणजे ओढ बसली तर शेवटी तुटेल. फेज आधी फ्यूजला, मग स्विचला. त्याच वेळी, मेन्सच्या एका वायरीवरून चासीला गेलेला छोटा कपॅसिटर असेल तर तो काढून टाका. जगभर त्याला डेथ कॅप म्हणतात, ते उगाच नाही. जुनं तसंच ठेवावं या मताचा मी आहे, पण या दोन गोष्टींना त्यात सवलत नाही.

तपासा: प्लग काढलेला, अ‍ॅम्पचं बटण चालू, गिटार केबलने जोडलेली. प्लगच्या अर्थ पिनपासून गिटारच्या तारेपर्यंत एक-दोन ओहम यायला हवेत. फेज किंवा न्यूट्रल पिनपासून तारेपर्यंत मीटरने काहीच जोड दाखवायला नको.

घरचं अर्थिंगही बघून घ्या. जुन्या वाड्यांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. मीटर फेज ते अर्थ २३० दाखवेल, पण त्यावर भागत नाही, कारण मीटरला एक मुंगीएवढा करंटही पुरतो. वायरमनकडून फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून भार देऊन बघा, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा. (तो बसवलेला असेल तर बल्बची ही परीक्षा करताना पडेल, ते बरोबरच आहे.)

टप्पा ४: आतली तपासणी, वीज न लावता

आधी डिस्चार्ज, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेली वीज काढणं. प्लग हातात, डोळ्यांसमोर. रेझिस्टरची एक क्लिप चासीला, दुसरी पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या (डीसी सपाट करणाऱ्या मोठ्या कपॅसिटरच्या) प्लस टोकाला, एक मिनिट. मग मीटरने मोजा, पाच व्होल्टच्या खाली हवेत. क्लिप काम संपेपर्यंत तशीच राहू द्या, कारण हे कपॅसिटर थोडे थोडे परत भरतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामे करू नका. कपॅसिटरही खराब होतो आणि माणूस दचकून भलतीकडे हात मारतो. एक हात खिशात ठेवायची सवय लावून घ्या.

मग फिल्टर कपॅसिटर. चाळीस-पन्नास वर्षांचे इलेक्ट्रोलायटिक आतून वाळलेले असतात. हळूहळू व्होल्टेज वाढवून त्यांना पुन्हा जिवंत करता येतं असं म्हणतात, आणि काही येतातही. मी त्यावर विसंबत नाही. त्यातला एक महिन्याभराने शॉर्ट झाला तर मेन ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. सरळ नवे घाला, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचे. मोठे घातले की हम, म्हणजे सततची घुमघुम, कमी होईल म्हणून दुप्पट-तिप्पट घालू नका. व्हॉल्व्ह रेक्टिफायरला (एसीचा डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हला) सोसेल असा पहिला कपॅसिटर मर्यादित असतो, जीझेड ३४ या रेक्टिफायरला ६० मायक्रोफॅरड. प्लस-मायनस दोनदा बघा.

बाकी भाग मात्र "जुने आहेत" एवढ्यावर बदलू नका, आणि इथेच हौशी माणूस वाहवत जातो. रेझिस्टर मोजा. १०० किलोओहमचा १३० झाला असेल आणि अ‍ॅम्प छान वाजत असेल, तर मी राहू देतो. सरसकट सगळे कपॅसिटर बदललेला अ‍ॅम्प नवीन अ‍ॅम्पसारखा वाजतो, मग जुना कशाला घेतला?

सॉकेटच्या भोकांत अल्कोहोल, व्हॉल्व्ह दोन-चार वेळा आत-बाहेर. पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर, मग वीस वेळा फिरवा. गंजाचा स्प्रे पॉटमध्ये मारू नका. आज खरखर थांबते, सहा महिन्यांनी धूळ धरून दुप्पट होते.

स्पीकर मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ दाखवतो, १६ चा ११ ते १३. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की कोन पुढे-मागे हलून टप्प आवाज यायला हवा. खरवडल्यासारखा आला तर कॉइल घासतेय.

सावधान: व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. आणि पीए अ‍ॅम्पच्या मागे १०० व्होल्ट लाइनचे टर्मिनल असतात, ते मंडपातल्या कर्ण्यांसाठी. गिटारचा स्पीकर ४, ८, १६ ओहम लिहिलेल्या टर्मिनललाच, आपल्या स्पीकरच्या ओहमप्रमाणे.

टप्पा ५: पहिली वीज, सिरीज बोर्डवरून

दिवसा करा, घरात दुसरं कोणी असताना करा. फरशीवर रबरी मॅट किंवा कोरडी फळी. स्टेप-डाउन असेल तर क्रम असा: भिंत, सिरीज बोर्ड, स्टेप-डाउन, अ‍ॅम्प.

पहिली फेरी, सगळे व्हॉल्व्ह काढून. ६० वॉटचा बल्ब, मोठ्या अ‍ॅम्पला १०० चा. बटण दाबलं की बल्ब एकदा चमकतो आणि विझल्यासारखा मंद होतो. तसा झाला तर मेन ट्रान्सफॉर्मर बरा आहे. पेटूनच राहिला तर लगेच बंद, ट्रान्सफॉर्मर किंवा त्याच्या वायरींत शॉर्ट आहे. पाच मिनिटं मंद राहिला तर बंद करून ट्रान्सफॉर्मरला हात लावा, कोमट चालेल.

दुसरी फेरी, फक्त रेक्टिफायर व्हॉल्व्ह घालून. बल्ब आधी उजळतो, मग उतरतो. फिल्टर कपॅसिटर धरले की नाही ते इथे कळतं. दहा मिनिटं बघा. सॉलिड स्टेट डायोडचा अ‍ॅम्प असेल तर ही फेरी पहिल्या फेरीतच होऊन गेलेली असते.

तिसरी फेरी, सगळे व्हॉल्व्ह, स्पीकर जोडून, व्हॉल्यूम शून्यावर. थंड हीटर (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या आतल्या तारा) जास्त करंट ओढतात म्हणून बल्ब सुरुवातीला चांगला पेटतो, मंदावतो, आणि अर्ध्या मिनिटाने व्हॉल्व्ह चालू झाले की पुन्हा किंचित वर येतो. ही चढ-उतर एकदा डोळ्यांत भरली की पुढच्या अ‍ॅम्पला लगेच ओळखता. या वेळी खोलीतला दिवा मालवा आणि पॉवर व्हॉल्व्हकडे बघा. आतली तार नारिंगी दिसणं बरोबर. पण बाहेरची करडी प्लेट मध्यभागी तांबूस व्हायला लागली, चुलीवरच्या तव्याचा मधला डाग दिसतो तशी, तर त्याच क्षणी बंद. बायस (व्हॉल्व्हमधून किती करंट जावा हे ठरवणारी जुळणी) गेलाय किंवा आधीचा कपलिंग कपॅसिटर गळतोय.

सिरीज बल्बवर आवाज मरगळलेला येणार, कारण व्होल्टेज कमी मिळतं. त्यावरून अ‍ॅम्प वाईट ठरवू नका.

चौथी फेरी, बोर्ड काढून सरळ. लगेच हीटरचे व्होल्ट एसीवर मोजा: ६.३ हवेत, ५.७ ते ६.९ च्या आत. ६.९ च्या वर जात असेल तर तुमच्या घरचं व्होल्टेज जास्त आहे, स्टॅबिलायझर लावा किंवा स्टेप-डाउन बदला. मूळ व्हॉल्व्हचं आयुष्य या एका आकड्यावर आहे.

मग बायस. कॅथोड बायसच्या अ‍ॅम्पला (फेंडर चॅम्प, व्हॉक्स एसी ३०) तो फिरवायची सोय नसते, तिथे तपासून सोडा. फिक्स्ड बायसमध्ये प्रत्येक व्हॉल्व्हचे वॉट काढा. ६एल६जीसी ची मर्यादा ३० वॉट, त्याच्या सत्तर टक्के म्हणजे २१. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर एका व्हॉल्व्हला साधारण ४६ मिलीअँपिअर, त्याच्या वर नको. इथे हात थरथरत असेल तर जाणकाराला द्या, यात कमीपणा नाही.

तपासा: वीस मिनिटं चालल्यावर बंद करून, प्लग काढून ट्रान्सफॉर्मरला हात लावा. पाच सेकंद ठेवता यायला हवा. ६० सायकलचा अमेरिकन ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जरा जास्त तापतो, तेवढं धरून चाला.

शेवटी बांबूच्या काडीने एकेका व्हॉल्व्हला हलकेच टकटक करा. घंटेसारखा आवाज स्पीकरमधून आला तर तो प्रीअ‍ॅम्पचा व्हॉल्व्ह बदलायचा. पेन्सिल वापरू नका, तिच्यातल्या शिशातून वीज जाते.

टप्पा ६: गिटार

आधी पिकअप, म्हणजे तारांचा कंप विजेत बदलणारी चुंबकाची कॉइल. केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण, केबलच्या दुसऱ्या टोकाला ओहम मोजा. स्ट्रॅटसारखा सिंगल कॉइल साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम, जुना हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) सात ते साडेआठ. पॉटही त्यात जोडलेली असल्याने आकडा किंचित कमी येतो. केवळ पॉटचाच आकडा आला, अडीचशे-पाचशे किलोओहम, तर आतली केसाएवढी तार तुटलीय. टाकू नका, ती पुन्हा गुंडाळता येते.

तार घासायच्या लोकरीने, म्हणजे स्टील वूलने, फ्रेट, म्हणजे पडदे, साफ करताना पिकअपवर कागद चिकटवा. लोखंडाचा चुरा चुंबकाला बसला की निघत नाही.

नेक बघायला पहिल्या आणि सतराव्या फ्रेटवर जाड तार दाबा आणि सातव्या फ्रेटवर फट बघा. पाव मिलिमीटर पुरे, साध्या पोस्टकार्डाएवढी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची कांब) उजवीकडे पाव फेरा, आणि मग एक दिवस थांबा. लाकूड रात्रभर सरकत असतं. एकाच बैठकीत दोन फेरे देणाऱ्यांचे रॉड तुटतात. जुन्या फेंडरच्या ट्रस रॉडचा नट नेकच्या बुडाशी असतो, तिथे तारा सैल करून नेक उचलावी लागते. जोर लावून वरूनच फिरवू नका, खाच जाते.

तारा ९ किंवा १० च्या संचाच्या (सगळ्यात बारीक तार ०.००९ किंवा ०.०१० इंचाची) घाला. मग तारांची उंची, आणि शेवटी बाराव्या फ्रेटवर सूर जुळवणं. हा क्रम उलटा केला की सगळं पुन्हा करावं लागतं.

नेकच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी, तिलाही नट म्हणतात, झिजली असेल तर मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडे जा. सतारीची घोडी आणि जवारी लावणारा हात हाडाचा नट असा घडवतो की बघत राहावं. दोन गोष्टी मात्र आधी सांगा. जुना नट नमुन्याला द्या आणि खाचा थोड्या उथळ ठेवायला सांगा, शेवटचं घासणं तार लावून करायचं. आणि "पॉलिशही मारून देतो" म्हणाले तर हात जोडून नको म्हणा. सतारीला लाखेचं पॉलिश शोभतं, जुन्या गिटारचं मूळ नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश त्याखाली गाडलं की निम्मी किंमत आणि सगळी ओळख गेली. फ्रेटच्या कामाला गिटारवालाच बघा. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकणारे असतात, गिटारचे लाकडात ठोकलेले. ही वेगळी विद्या आहे.

सावधान: नायट्रोचं पॉलिश रबराला, फोमला आणि रेक्झिनला चिकटून विरघळतं. स्टँडच्या रबरावर आणि दुकानाच्या नव्या बॅगच्या अस्तरावर सुती कापड गुंडाळा.

टप्पा ७: पावसाळा

जूनच्या पहिल्या आठवड्यात गिटार हार्ड केसमध्ये, सिलिका जेलच्या दोन पिशव्या आणि छोटा हायग्रोमीटर सोबत. ४५ ते ५५ टक्के ठेवायचा प्रयत्न करा. साताऱ्याच्या वरच्या भागात, महाबळेश्वरकडे, हे केसबाहेर शक्यच नाही. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. तारा अर्धा-एक सूर उतरवा, पूर्ण सैल करू नका, नेक उलटी वाकते. भिंतीला टांगलेली गिटार कृष्णाकाठच्या घरात चार महिन्यांत गंजते.

अ‍ॅम्प जमिनीवर नको. नदीकडच्या वस्तीत राहत असाल तर जुलैच्या आधीच तो वरच्या मजल्यावर न्या. पाणी चढायला लागल्यावर चाळीस किलोचं धूड कोणी उचलत नाही. पावसाळ्यात आठवड्याला अर्धा तास वाजवत राहिलात, तर त्याच्याच उबेने आतली ओल जाते. बंदच राहिला, तर दसऱ्याला पहिल्यांदा लावताना पुन्हा सिरीज बोर्डवरूनच लावा.

खंडेनवमीला पूजा करताना हळदकुंकू केसवर वाहा. कुंकवाचा रंग नायट्रोत कायमचा मुरतो, आणि सुटी हळद पॉटमध्ये उतरली की ती कॉन्टॅक्ट क्लीनरनेही निघत नाही, पॉट खोलावी लागते.